कॅन्सरचे शेक : अर्धवट सोडू नका

आपल्याकडे कॅन्सरच्या रेडिएशनला कुणी 'शेक' म्हणते, कुणी 'लाईट', तर कुणी 'करंट'. नाव कोणतेही घ्या, ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. 'लाईट दिली की माणूस आतून जळतो', 'शेक घेतलेल्यापाशी लेकरं नेऊ नका', असे पारावर सर्रास बोलले जाते.

मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेऊन गावोगाव विस्ताराचे काम करणारा माणूस आहे. पण एका शेतकऱ्याचे शेक अर्धवट सुटलेले मी पाहिले आणि माझ्या सख्ख्या मामांचे शेक पुरे झालेलेही पाहिले. मामेभाऊ आणि मी आळीपाळीने दवाखान्याच्या बाकावर बसलो. डॉक्टरांना आणि मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञांना खोदून खोदून विचारले. त्यातून जे समजले ते शेतकरी बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

अठराव्या शेकानंतर

माझ्या कामाच्या गावातले एक शेतकरी. वय पन्नाशीचे, तंबाखू-चुन्याची जुनी सवय. घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ३५ शेक सांगितले, म्हणजे सात आठवडे. अठरा झाले आणि ते गावी परत आले. सोयाबीन सोंगायला आले होते. बांधावर भेटले तेव्हा मानेवर हात फिरवत म्हणाले, "साहेब, गाठ विरघळली बघा. हाताला लागत नाही. तोंड मात्र सोलून निघालंय. आता राहिलेले शेक घ्यायचे म्हणजे उगा हाल."

मी म्हणालो, "बरं झालं." मग सोयाबीनचा उतारा किती पडेल यावर बोललो आणि मोटारसायकलला किक मारून निघालो.

संक्रांतीच्या सुमारास गाठ पुन्हा वर आली, पहिल्यापेक्षा मोठी. दवाखान्यात सांगितले की, तोच शेक आता पहिल्यापासून देता येणार नाही. आखाजीला ते नव्हते.

राहिलेले सतरा शेक घेतले असते तर ते नक्की वाचले असते, असे मी म्हणणार नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. पण रोज दहा शेतकऱ्यांना 'औषधाची मात्रा अर्धी मारू नका' म्हणून सांगणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो. हा लेख त्यासाठी आहे.

लासलगावचा कांदा आठवा

किरण म्हटले की आपल्याला बॉम्बच आठवतो. त्याऐवजी कांदा आठवा. २००२ साली लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र सुरू झाले. तिथे कोबाल्ट-६० या धातूतून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडतात. त्याने कांद्याच्या पोटातल्या कोंबाच्या पेशींना इजा होते, त्यांची वाढ थांबते आणि कांद्याला मोड येत नाहीत. कांदा भाजत नाही, शिजत नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगात किरणही जात नाहीत.

कॅन्सरवरचा शेक याच तत्त्वावर चालतो. कॅन्सर म्हणजे आपल्याच शरीरातल्या काही पेशींनी ताळतंत्र सोडून वाढत राहणे. किरणांचा मारा बसला की पेशीच्या गाभ्यातला, वाढीची सूत्रे सांभाळणारा धागा तुटतो. ज्या पेशी भराभर फुटून वाढतात त्यांना हा मार जास्त बसतो. त्या वाढू शकत नाहीत आणि हळूहळू मरतात. म्हणून शेकाचा गुण त्याच दिवशी दिसत नाही, आणि शेवटचा शेक झाल्यावरही तो काही आठवडे चालू राहतो.

हे शास्त्र आजचे नाही. १८९५ साली रोंटजेन यांनी एक्स-रे शोधला, १८९८ साली क्युरी दांपत्याने रेडियम. कोबाल्टचे मशीन माणसावर पहिल्यांदा वापरले गेले ते १९५१ साली, कॅनडात. आज बऱ्याच दवाखान्यांत विजेवर चालणारी मशीनही आहेत. त्यांना लिनॅक म्हणतात. कोबाल्टचे आपल्या देशी बनावटीचे 'भाभाट्रॉन' मशीनही भाभा केंद्रानेच तयार केले आहे.

रोज थोडा थोडाच का?

हा प्रश्न मामांनीच विचारला होता. "एकदाच काय तो मोठा शेक देऊन मोकळं का करत नाहीत?"

किरणांची मात्रा 'ग्रे' या मापात मोजतात. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून साधारण ६० ग्रेच्या आसपास मात्रा देतात, तीही एका दमात. मामांच्या गालाला एकूण मात्रा तेवढीच, ६० ग्रे, पण ३० हप्त्यांत. रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे.

कारण कांद्याला पुन्हा उगवायचे नसते, माणसाला जगायचे असते. किरण कॅन्सरच्या गाठीवर पडतात तसे आजूबाजूच्या चांगल्या मांसावरही थोडेफार पडतात. चांगली पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत आपली बरीच डागडुजी करून घेते. कॅन्सरच्या पेशीला ते तितके जमत नाही. रोजच्या माराने चांगली पेशी तगते आणि रोगट पेशी खचत जाते. अख्ख्या अंगावर एकदम चार-पाच ग्रे पडले तर माणूस दगावू शकतो. म्हणूनच किरण ठरलेल्या जागेवर आणि ठरलेल्या हप्त्यातच देतात.

आता लव्हाळ्याचे उदाहरण घ्या. वरचे पाते खुरपले की रान स्वच्छ दिसते, पण जमिनीतल्या गाठी शाबूत असतात आणि पंधरा दिवसांत रान पुन्हा हिरवे होते. शेकाचे तसेच. अठराव्या शेकाला गाठ हाताला लागत नाही, पण डोळ्याला न दिसणाऱ्या लाखो पेशी आत शिल्लक असतात. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये तर उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की उरलेल्या पेशी जास्त वेगाने वाढायला लागतात. नेमक्या त्याच वेळी रोगी कंटाळून घरी येतो.

पुन्हा पहिल्यापासून शेक का देत नाहीत? कारण प्रत्येक अवयवाची किरण सोसायची एक हद्द असते. झालेले अठरा शेक चांगल्या मांसाच्या खात्यावर मांडलेले असतात, ते पुसले जात नाहीत. काही रोग्यांना पुन्हा शेक देता येतो, पण तो अवघड असतो आणि भरवशाचा नसतो.

पहिल्या शेकाआधी

तोंड-घशाचा शेक असेल तर आधी दातांच्या डॉक्टरला दाखवावे लागते. किडके, हलणारे दात शेकाआधीच काढून घ्यावेत. शेकानंतर जबड्याच्या हाडाची भरून येण्याची ताकद कमी होते. तेव्हा दात काढला तर जखम चिघळून हाड कुजण्याचा धोका असतो. पुढे कधीही दात काढायचा झाला तर 'इथे शेक झाला आहे' हे आधी सांगायचे.

मग चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी दाबून बसवतात. ती थंड झाली की चेहऱ्याच्या आकाराचा मुखवटा तयार होतो. रोज तोच घालून निजायचे, म्हणजे मान तसूभरही हलत नाही. ती जाळी घालून सीटी स्कॅन होतो आणि किरण कुठून, किती सोडायचे याचा हिशेब मांडला जातो. यात काही दिवस जातात. 'आज-उद्या करतात' म्हणून चिडू नये. नांगरटीशिवाय पेरणी होत नाही.

प्रत्यक्ष शेकाला पंधरा-वीस मिनिटे लागतात. त्यातले किरण काही मिनिटांचेच. दुखत नाही, भाजत नाही. खोलीत रोगी एकटाच असतो, पण बाहेरून कॅमेऱ्यातून त्याच्यावर लक्ष असते.

त्रास होतो, तो असा

त्रास होत नाही असे सांगणे खोटे ठरेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मामांचे तोंड आले. चव गेली, लाळ चिकट झाली, गालाची कातडी काळवंडली. थकवा इतका की ओट्यावरून उठणे नको वाटे. शेक संपल्यावर काही आठवड्यांत तोंड भरून आले. कोरडेपणा मात्र अजून आहे, पाण्याची बाटली सतत जवळ लागते.

दवाखान्याने सांगितलेली काळजी अशी :

* मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून पुष्कळ वेळा गुळण्या करणे.
* ठेचा, तिखट रस्सा, कढत चहा बंद. भाताची पेज, मऊ खिचडी, वरण, दूध, अंडे, शिरा असे थोडे थोडे पण वारंवार खाणे. गिळवत नसेल तर मिक्सरमधून काढून देणे.
* दर आठवड्याला वजन करणे. वजन घटत चालले आणि डॉक्टरांनी नाकातून नळी घालायला सांगितली तर 'आता शेवट आला' असे समजू नये. ती जेवणाची वाट आहे, त्रास ओसरला की काढतात.
* शेकाच्या जागी बाम, हळद, तेल, झाडपाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. साबणाने घासू नये, ऊन लागू देऊ नये. कातडीवर खुणा केल्या असतील तर पुसू नयेत.
* तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करणे, नाहीतर जबडा आखडतो.
* तंबाखू, विडी, दारू पूर्ण बंद. ती चालू ठेवली तर शेकाचा गुण कमी येतो आणि हाल वाढतात.

घरात लेकरे आहेत, चालेल का?

चालेल. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत. मशीन बंद झाले की किरण संपले. एकाच ताटात जेवा, नातवाला मांडीवर घ्या, काही होत नाही. थायरॉईडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात, तेव्हा मात्र काही दिवस अंतर पाळावे लागते. ते दवाखाना स्वतः सांगतो.

बाया-बापड्यांसाठी विशेष

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर शेक हा मुख्य उपचारांपैकी एक आहे. आधी साधारण पाच आठवडे बाहेरून, आणि मग आतून काही शेक देतात. आतून म्हणजे किरण सोडणारा बारीक स्रोत नळीवाटे थेट रोगाच्या जागेजवळ नेतात. हा उपचार एकूण आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा असा डॉक्टरांचा कटाक्ष असतो. बाहेरचे शेक झाले, अंगावरून जाणे थांबले, की अनेक बाया आतल्या शेकाला लाजेने, भीतीने जात नाहीत. तो चुकवू नका. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर अंगावर काढू नका.

रोग हाडात पसरला असेल तरी वेदना कमी करायला शेक देतात, कधी कधी एकच. तो रोग बरा करायला नसतो, झोप लागावी म्हणून असतो. तेही थोडे नाही.

मामांचा कांदा कुणी लावला?

मामांचा सतरावा शेक झाला तेव्हा डिसेंबर निम्मा सरला होता. घरून फोन आला की उन्हाळ कांद्याचे रोप जरठ व्हायला लागले. मामांनी पिशवी भरली. म्हणाले, "लागण करून येतो आठ दिवसांत." तोंडाने बोलवत नव्हते, पाटीवर लिहून दाखवले.

या वेळी मी गप्प बसलो नाही. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याची सगळी हकीकत सांगितली. मग गावी फोन केले. पूर्वी आपल्याकडे सावडीने कामे होत. तीच सावड भावकीने आणि शेजाऱ्यांनी केली. दोन दिवसांत दीड एकर लागण उरकली. मामांनी तीसच्या तीस शेक पुरे केले. आज तीन वर्षे झाली, तपासणीला वेळेवर जातात, कांदा अजून स्वतः निवडतात.

सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांना एवढीच विनंती : गावात कुणाचे शेक चालू असतील तर किती झाले, किती राहिले याची विचारपूस ठेवा. माणूस मधेच गावात दिसला तर 'बरं झालं' म्हणू नका, 'किती राहिले?' विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन बसते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटा. रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव जुळते का, हे आधीच पाहून द्या. कागदापायी दिवस जाऊ नयेत. एस.टी.च्या आणि रेल्वेच्या भाड्यात कॅन्सरच्या रुग्णांना सवलत आहे, दवाखान्याचे प्रमाणपत्र लागते. सगळ्यांनी मुंबईलाच धावले पाहिजे असेही नाही. बार्शीसारख्या ठिकाणीही कॅन्सरचा दवाखाना आहे. मुंबईला गेलात तर राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

ताप, तोंडातली जखम किंवा मशीन बंद पडल्यामुळे एखादा दिवस चुकलाच तर घरी निघून येऊ नका, डॉक्टरांना विचारा. चुकलेल्या शेकाची भरपाई करण्याचे मार्ग त्यांच्याकडे असतात.

पीक एका हंगामाचे असते. एक हंगाम गेला तर दुसरा येतो. शेकाचा हंगाम बहुधा एकदाच मिळतो, तो पुरा करा.