वाऱ्याचा पंचनामा

अमेरिकेतल्या घराच्या जोत्यात एक बोल्ट पुरलेला असतो. जाडी अर्धा इंच. काँक्रीट ओलं असतानाच तो उभा रोवतात, त्यावर भिंतीची तळाची लाकडी पट्टी बसवतात आणि वायसर घालून नट आवळतात. असा एक बोल्ट साधारण दर सहा फुटांवर असावा, असा तिथला रूढ नियम. टोर्नेडो येऊन गेला, जोतं धुऊन काढल्यासारखं मोकळं पडलं, की पाहणीला आलेला माणूस गुडघे टेकून आधी हे बोल्ट बघतो. बोल्ट वाकलेत का? नट-वायसर जागेवर आहेत का? वायसरखाली फाटलेल्या लाकडाचा तुकडा अडकून राहिलाय का? की बोल्ट नव्हतेच, खिळ्यांवर भागवलं होतं? वाऱ्याचा वेग ताशी ३२० किमीच्या पुढे लिहायचा की त्याहून पन्नासेक किमीनं कमी, हे या उत्तरांवर ठरतं.

टोर्नेडोचे जे आकडे आपण वाचतो, ते जवळजवळ सगळे असे मागाहून काढलेले असतात. वाऱ्याच्या वाटेत वेगमापक क्वचितच असतो, आणि असला तरी तो टिकत नाही. आपल्याकडे वादळानंतर तलाठी घरोघर जाऊन पंचनामा करतात. पत्रे किती उडाले, माड किती पडले, भरपाई किती बसते. तिथे अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची माणसं तशाच पायपिटीनं नुकसान बघतात, पण नोंद करतात ती वाऱ्याची.

आकड्यांचा अंदाज यायला कोकणातलं 'निसर्ग' चक्रीवादळ आठवून बघा. ३ जून २०२० रोजी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किमीचा होता. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. टोर्नेडो मोजायची जी ईएफ श्रेणी आहे, तिची सगळ्यात खालची पायरी, ईएफ-०, ताशी १०५ ते १३७ किमीची. 'निसर्ग'चा वारा वेगापुरता या पहिल्या पायरीवरच थांबतो. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं आणि तासन्‌तास झोडपतं, म्हणून त्याची हानी निराळी. टोर्नेडो सहसा काहीशे मीटर रुंद, एका घरावरून काही सेकंदांत जाणारा. पण सगळ्यात वरची पायरी, ईएफ-५, ताशी ३२२ किमीच्या पुढे सुरू होते, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ढोबळ गणित करू. चार मीटर लांब, तीन मीटर उंच भिंत. ताशी ११० किमीचा वारा समोरून आला तर तिच्यावर सुमारे ७०० किलोंचा भार पडतो. ताशी ३२० किमीला तोच भार जवळपास सहा टन होतो. छपराला वर ओढणारी शक्ती आणि वाऱ्यासोबत येणाऱ्या विटा, ओंडके, मोटारी यात धरलेल्या नाहीत.

आता २७ एप्रिल २०११. अमेरिकेच्या दक्षिणेकडे त्या एका दिवसात दोनशेहून अधिक टोर्नेडो जमिनीला टेकले. एकट्या अलाबामा राज्यात ६२. दिवसभरात तीनशेच्या वर माणसं गेली. त्या टोर्नेडोंपैकी चार ईएफ-५ निघाले: दोन मिसिसिपीत, दोन अलाबामात. हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल या गावांवरून गेलेल्या टोर्नेडोची वाट १३२ मैल, म्हणजे सुमारे २१२ किमी लांब होती. पुण्याहून नाशिकला रस्त्यानं जायला जवळपास तेवढंच अंतर पडतं. त्या एका वाटेवर ७२ माणसं मेली. मिसिसिपीतल्या फिलाडेल्फियाजवळ वाऱ्यानं काही ठिकाणी जमीनच दोन फूट खोल खरवडून नेली.

हे सगळं पाहणाऱ्या पथकात दोन-चार माणसं असतात. हातात टॅब्लेट, गळ्यात कॅमेरा. प्रत्येक पडक्या वस्तूपाशी थांबून फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, वस्तू कोणती, मोडतोड किती, अशी नोंद होते. झाडं कोणत्या दिशेला पडलीत हे बघतात, कारण सगळी एकाच दिशेला असतील तर तो सरळ वाहिलेला वारा असू शकतो आणि दोन्ही बाजूंनी आत वळलेली असतील तर भोवरा. अशा शेकडो नोंदी जोडल्या की नकाशावर एक वाट उमटते. तशा दोनशे वाटा, आणि वीज नाही, रस्ते बंद, लोक ढिगाऱ्यात आपली माणसं शोधतायत. अशा ठिकाणी जाऊन कुणाच्या उद्ध्वस्त घराच्या जोत्यावर बोल्ट मोजणं हे काम कोरडं वाटेल. मला ते फार मोठ्या जबाबदारीचं वाटतं. त्या घराचं काय झालं याची शास्त्रानं घेतलेली तेवढीच नोंद असते.

त्या दिवशी आकाशात गेलेल्या वस्तूंचाही हिशेब लागला. कुणाच्या अंगणात परके फोटो, चेकबुकं, कागद येऊन पडले होते. ते मूळ मालकांना मिळावेत म्हणून फेसबुकवर एक पान उघडलं गेलं. जॉर्जिया विद्यापीठाच्या जॉन नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून ९३४ वस्तूंचा प्रवास काढला. सगळ्यात लांब गेला तो एक फोटो: अलाबामातल्या फिल कॅम्पबेलहून टेनेसीतल्या लेनोअर सिटीपर्यंत, सुमारे ३५३ किमी.

पडझडीवरून वारा काढायची ही रीत ज्याची, तो माणूस ती अणुबॉम्बच्या राखेत शिकला. तेत्सुया फुजिता, जन्म १९२०, जपानच्या क्यूशू बेटावरचा. १९४५ साली तो कोकुरात शिकवत होता. ९ ऑगस्टला दुसऱ्या बॉम्बचं पहिलं लक्ष्य कोकुराच होतं. ढग आणि धुरामुळे शहर दिसलं नाही आणि विमान नागासाकीकडे वळलं. काही आठवड्यांनी फुजिता हिरोशिमा आणि नागासाकीची पाहणी करायला गेला. नागासाकीच्या स्मशानात थडग्यांपुढे फुलं ठेवायला बांबूच्या नळ्या असतात. त्या नळ्या एकाच अंगानं भाजल्या होत्या. कोणत्या नळीला कुठल्या बाजूनं चटका बसला ते टिपून त्यानं रेषा मागे नेल्या आणि बॉम्ब जमिनीपासून किती उंचीवर फुटला याचा अंदाज काढला. जे घडून गेलं ते आपण पाहिलेलं नाही, पण ज्यावर घडलं त्या वस्तू अजून जागेवर आहेत. पुढच्या पन्नास वर्षांचं त्याचं काम या एका जाणिवेवर उभं राहिलं.

१९५३ साली तो शिकागो विद्यापीठात गेला आणि १९७१ मध्ये त्यानं एफ-० ते एफ-५ ही श्रेणी मांडली. तिची खरी परीक्षा ३ आणि ४ एप्रिल १९७४ ला झाली. चोवीस तासांत १३ राज्यांत १४८ टोर्नेडो. फुजिता आणि त्याचे सहकारी लहान विमानांतून त्या वाटांवरून फिरले, शेतांवर उमटलेल्या खुणांचे फोटो काढले आणि सगळे १४८ एका नकाशावर मांडले. वाटांची एकूण लांबी जवळपास २,६०० मैल भरली, म्हणजे ४,१०० किमीहून जास्त. या उड्डाणांत त्याला काही ठिकाणी झाडं एका बिंदूपासून चहूकडे ताऱ्यासारखी पडलेली दिसली. नागासाकीत त्यानं असंच पाहिलं होतं. ढगातून खाली आदळून पसरणाऱ्या वाऱ्याची कल्पना त्याला यातून सुचली, आणि १९७५ मध्ये न्यूयॉर्कला उतरताना कोसळून ११३ बळी घेणाऱ्या विमानाचं कोडं त्या वाऱ्यानं उलगडलं. आज विमानतळांवर या वाऱ्याचा इशारा देणारी यंत्रणा असते. एवढं सगळं करून झाल्यावर, १२ जून १९८२ ला, फुजितानं पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी टोर्नेडो पाहिला.

त्याच्या श्रेणीत एफ-५ ताशी साधारण ४२० किमीला सुरू होत असे. घरं मुळात कशी बांधलीत हे बघायला लागल्यावर अभियंत्यांच्या लक्षात आलं की ती मोडायला एवढा वारा लागत नाही. मेरीलँडमधल्या ला प्लाटा गावी २००२ साली आधी एफ-५ जाहीर झालं होतं. घरं जोत्याला धड बांधलेलीच नव्हती हे दिसल्यावर ते एफ-४ वर आणलं. १ फेब्रुवारी २००७ पासून सुधारित श्रेणी, म्हणजे ईएफ, लागू झाली. आता २८ प्रकारच्या वस्तूंची यादी आहे: घर, शाळा, मॉल, पेट्रोल पंपाचं छत, विजेचा मनोरा, झाड. प्रत्येकाच्या मोडतोडीच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला तीन वेग: अपेक्षित, किमान, कमाल. एका कुटुंबाच्या घराला दहा पायऱ्या. दहावी म्हणजे घर गेलं, जोतं साफ. तिचा किमान वेग ताशी १६५ मैल, अपेक्षित २००, कमाल २२०. पण ईएफ-५ सुरू होते ती २०० च्या पुढे. नीट बांधलेलं घर नावालाही उरलं नाही, तरी पुस्तकाप्रमाणे उत्तर येतं ईएफ-४. पाच लिहायचं तर ते घर नेहमीपेक्षा मजबूत होतं हे दाखवावं लागतं. परत बोल्टांपाशीच यावं लागतं.

त्याहून अवघड गोष्ट अशी की वाटेत जे उभं होतं, त्यापलीकडे हे मोजमाप जाऊ शकत नाही. कठीण लाकडाच्या झाडाची साल सोलून निघाली आणि जाड फांद्यांचे खुंटच उरले, तर अपेक्षित वेग ताशी १४३ मैल, ईएफ-३. चाकांवरून ओढून आणून ठेवलेलं साधं मोबाइल होम पुरतं नष्ट झालं, तर अपेक्षित वेग १२७ मैल, ईएफ-२. ही घरं गरिबांची, आणि टोर्नेडोत घरात मरणाऱ्यांमधला मोठा वाटा याच घरांतला. ज्याचं घर हलकं, त्याच्या वस्तीवरून गेलेला वारा कागदावर सौम्य होतो. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पुराव्याला धरून राहिल्याचा तो परिणाम आहे. तरी मला ते सलतं.

आणि मोकळं रान असेल तर? ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ २.६ मैल, म्हणजे ४.२ किमी रुंद टोर्नेडो झाला. इतका रुंद टोर्नेडो नोंदीत दुसरा नाही. मोटारीवरच्या रडारनं त्यात ताशी ३०० मैलांच्या घरातला वारा पकडला. वाट बहुतेक शेतांतून गेली. आधी ईएफ-५ जाहीर झालं, आणि काही महिन्यांत ते ईएफ-३ करण्यात आलं, कारण श्रेणी पडझडीची आहे आणि पाच म्हणावं असं काही तिथे उभंच नव्हतं. जोशुआ वुर्मन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा फिरत्या रडारांनी मोजलेल्या १२० टोर्नेडोंचा अभ्यास मांडला. प्रत्यक्ष वारे पंचनाम्यातल्या श्रेणीपेक्षा सरासरी एक ते दीड पायरी वरचे निघाले, आणि सुमारे २० टक्के टोर्नेडोंत ईएफ-४ किंवा ५ ची हानी करण्याइतका जोर होता. अधिकृत नोंदींत या दोन श्रेणींचं प्रमाण एक टक्काही नाही. अमेरिकेत वर्षाला सुमारे १,२०० टोर्नेडो होतात, त्यावरून या फरकाचा आवाका समजतो.

ओक्लाहोमातल्याच मूर शहरातल्या २० मे २०१३ च्या टोर्नेडोनंतर तर ईएफ-५ नाहीसाच झाला. ४,४१४ दिवस एकही नाही. टोर्नेडो मवाळ झाले की परीक्षक कडक, यावर हवामानाच्या जगात जोरदार वाद चालला. मग २० जून २०२५ ला नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनजवळ एक मालगाडी टोर्नेडोत सापडली. ३३ वाघिणी रुळांवरून गेल्या. सुमारे ३२ टनांची एक रिकामी टाकी-वाघीण उचलून जवळपास १४५ मीटरवर टाकलेली आढळली. २८ वस्तूंच्या यादीत मालगाडी नाही. म्हणून आधी ईएफ-३ लिहिलं गेलं. नंतर कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांच्या मदतीनं एवढी वाघीण उचलायला किती वारा लागेल याचं गणित झालं, आणि ऑक्टोबरमध्ये निकाल आला: ताशी २१० मैलांहून जास्त, ईएफ-५. २००७ नंतरचा दहावा. तिघांचा जीव गेला होता.

अशा पाहणीचा उपयोग श्रेणी ठरवण्यापुरताच नसतो. जॉप्लिनच्या पाहणीनं तर पुढच्या इमारतींचे नियम बदलले. २२ मे २०११ ला मिसुरीतल्या या शहरात टोर्नेडोनं १५८ माणसं मारली आणि हजारो इमारती मोडल्या. पार्किंगमधले शेकडो पौंडांचे काँक्रीटचे अडसर सळयांसकट उपटून दूर फेकले गेले. कोणती इमारत का टिकली, का नाही, याचा सखोल तपास झाला. अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या २०२२ च्या मानकात त्यामुळे पहिल्यांदाच टोर्नेडोच्या भारावर स्वतंत्र प्रकरण आलं. तिथे नवं रुग्णालय किंवा नवी शाळा आखताना आता ते उघडावं लागतं.

जगातला सगळ्यात जास्त बळी घेणारा टोर्नेडो मात्र अमेरिकेतला नाही. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात, दौलतपूर आणि साटुरियाच्या पट्ट्यात, सुमारे १,३०० माणसं मेली आणि ८०,००० बेघर झाली. घरं बांबू, माती आणि पत्र्याची. अशा घराला अमेरिकी यादीत रकाना नाही. युरोपीय तीव्र वादळ प्रयोगशाळेनं २०२३ मध्ये जी आंतरराष्ट्रीय फुजिता श्रेणी प्रसिद्ध केली, तिच्यात घर कोणत्या देशातलं आहे हे न बघता ते किती मजबूत आहे यावरून सहा वर्ग केलेत, आणि वाघिणी, मोटारींसारख्या वस्तूंनाही जागा दिली आहे. बंगालच्या पट्ट्यात पुढचा पंचनामा करायची वेळ येईल तेव्हा पथकाच्या हातात ही यादी असायला हवी.