को, सेबॅस्टियन

को, सेबॅस्टियन : (२९ सप्टेंबर १९५६ – ). विख्यात ब्रिटिश धावपटू व क्रीडासंघटक. जन्म लंडनमधील चिझिक येथे. त्याचे मातामह सरदारीलाल मल्होत्रा हे पंजाबी होते. शेफील्ड येथे तो वाढला व लफबरो विद्यापीठातून अर्थशास्त्र आणि सामाजिक इतिहास या विषयांत पदवीधर झाला. वडील पीटर को हे व्यवसायाने अभियंते. मुलाचे मार्गदर्शकही तेच होते.

१९७९ च्या उन्हाळ्यात ४१ दिवसांच्या अवधीत को याने ८०० मी., एक मैल व १,५०० मी. या तीनही अंतरांचे जागतिक उच्चांक प्रस्थापित केले. १९८१ मध्ये फ्लॉरेन्स येथे त्याने ८०० मी. अंतर १ मि. ४१·७३ से. मध्ये तोडले, हा उच्चांक १९९७ पर्यंत कोणालाही मोडता आला नाही. मॉस्को (१९८०) व लॉस अँजेल्स (१९८४) या दोन्ही ऑलिंपिक सामन्यांत त्याने १,५०० मी. शर्यतीत सुवर्णपदक व ८०० मी. शर्यतीत रौप्यपदक मिळविले.

मॉस्कोला जाणे हाच त्या वेळी वादाचा विषय होता. सोव्हिएट रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घुसविल्यामुळे ब्रिटिश खेळाडूंनी सामन्यांवर बहिष्कार घालावा, असा पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा आग्रह होता. ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेने तो मानला नाही. को यानेही सहभागाची बाजू उघडपणे मांडली. ब्रिटिश विजेत्यांच्या सन्मानार्थ तेथे राष्ट्रध्वजाऐवजी ऑलिंपिक ध्वज फडकला. पुढच्याच वर्षी बाडेन-बाडेन (प. जर्मनी) येथील ऑलिंपिक परिषदेत खेळाडूंना प्रथमच बोलण्याची संधी देण्यात आली. तेथे को याने, उत्तेजक द्रव्ये घेणारे खेळाडू आणि ती देणारे मार्गदर्शक व वैद्य यांच्यावर आजन्म बंदी घालावी, अशी मागणी केली. या परिषदेनंतर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंचा आयोग स्थापन केला व त्याच्या आरंभीच्या सदस्यांत को होता.

निवृत्तीनंतर तो हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटचा सदस्य होता (१९९२–९७). २००० मध्ये त्यास तहहयात उमरावपद मिळाले. २०१२ चे ऑलिंपिक सामने लंडनला मिळवून देणाऱ्या मोहिमेचे नेतृत्व व पुढे संयोजन समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते.

ऑगस्ट २०१५ मध्ये सर्ग्येई बुबका याचा ११५ विरुद्ध ९२ मतांनी पराभव करून तो मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा (२०१९ पासून ‘वर्ल्ड ॲथलेटिक्स’) अध्यक्ष झाला. त्याचा पूर्वसूरी लामीन द्याक याच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप होते व २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. को अनेक वर्षे त्याच संस्थेचा उपाध्यक्ष असल्याने त्याला किती माहिती होती, हा प्रश्न उपस्थित झाला. ब्रिटिश संसदीय समितीने २०१८ मध्ये त्याची उत्तरे दिशाभूल करणारी ठरविली. तथापि उत्तेजकांच्या प्रकरणी नोव्हेंबर २०१५ मध्ये रशियाच्या संघटनेचे निलंबन आणि २०१७ मध्ये स्वतंत्र तपासयंत्रणेची स्थापना या गोष्टी त्याच्याच कारकीर्दीत घडल्या.

खेळाडूंचा कैवारी ही त्याची प्रतिमा अधिकारपदावर मात्र कसोटीस लागली. १९८० मध्ये आक्रमणाची शिक्षा खेळाडूंना नको म्हणणाऱ्या को याच्या अध्यक्षतेखाली महासंघाने, युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये, रशिया व बेलारूसच्या खेळाडूंना मज्जाव केला. स्त्रियांच्या गटातील संप्रेरक-मर्यादेच्या नियमांविरुद्ध दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या हिला महासंघाशी दीर्घकाळ झगडावे लागले. तिला स्वित्झर्लंडमध्ये न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असा निर्णय युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. नियमांच्या वैधतेस मात्र त्याने हात घातला नाही.

एप्रिल २०२४ मध्ये ऑलिंपिकमधील मैदानी खेळांच्या प्रत्येक सुवर्णपदकास ५०,००० डॉलरचे पारितोषिक महासंघाने जाहीर केले. असे करणारा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघ होय. खेळाडूंनी त्याचे स्वागत केले. अन्य क्रीडा महासंघांनी मात्र आपल्याशी विचारविनिमय न केल्याबद्दल नाराजी दर्शविली. मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदासाठी तो उभा राहिला, तेव्हा ९७ पैकी अवघी ८ मते त्याला पडली. झिंबाब्वेची माजी जलतरणपटू कर्स्टी कॉव्हेंट्री पहिल्याच फेरीत ४९ मतांनी निवडून आली.