बालवाडी सांभाळून बालशिक्षणाची पदविका

आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांतल्या कितीतरी भगिनी बालवाडीत, प्ले-ग्रुपमध्ये किंवा अंगणवाडीत काम करतात. बऱ्याच जणी 'सकाळचे चार तास मोकळे आहेत' म्हणून गेल्या आणि मुलांत रमल्या. आठ-दहा वर्षे झाली तरी त्यांचे पद 'मदतनीस'च राहिले. वर्ग त्या घेतात, रडणारे मूल त्या शांत करतात, पालकांशी बोलतात त्याच. पण पगारपत्रकावर त्यांचे नाव खाली असते, कारण हातात कागद नाही. गुजरातेत 2023 पासून पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षे पूर्ण असण्याचा नियम कडकपणे लागू झाला आणि सरकारी शाळांना बालवाटिका जोडल्या गेल्या. तेव्हापासून खाजगी शाळाही विचारू लागल्या आहेत, 'बाई, कोर्स काय केलाय?' त्यामुळे नोकरी न सोडता हा कागद कसा मिळवावा, असे मला गेल्या वर्षभरात बऱ्याच जणींनी विचारले. मी स्वतः बालवाडीत शिकवता शिकवता ही पदविका पूर्ण केली आहे, म्हणून संपादकांनी हे लिहायचे काम माझ्याकडे दिले.

मुळात असे शिकणे आपल्या लोकांना नवे नाही. अनुताई वाघ पुण्यात दिवसा हुजूरपागेत शिकवत आणि रात्रशाळेत शिकत. 1937 साली त्या मॅट्रिक झाल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या त्या बाईंनी पुढे 1945 मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला काम सुरू केले आणि मग कोसबाडच्या टेकडीवर सारे आयुष्य घालवले. पदवी त्यांनी नंतर, काम करता करताच घेतली. ताराबाईंचा तर आपल्या गुजरातशी थेट संबंध. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केले, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला तोही तिथेच. 'बालमंदिर' हा गुजराती शब्द आणि 'बालवाडी', 'अंगणवाडी' हे मराठी शब्द आज आपल्या तोंडी एकत्र नांदतात, त्याच्या मागे हा इतिहास आहे. (गुजरातच्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंना 'तेडागर' म्हणतात, म्हणजे मुलांना घरोघरून बोलावून आणणारी. मला हा शब्द फार आवडतो.)

आता मुद्द्याचे. या क्षेत्रात 'कोर्स' या एका शब्दाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाची जी पदविका आहे, ती दोन वर्षांची आणि नियमित हजेरीची. बारावीला पन्नास टक्के लागतात, शाळेत प्रत्यक्ष पाठ घ्यावे लागतात. नोकरी करणाऱ्या बाईला ती सहसा झेपत नाही. दुसरा मार्ग इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा. त्यांची बाल्यावस्थापूर्व देखभाल आणि शिक्षणाची पदविका बारावीनंतर घरून करता येते. नोकरदारांसाठी मला तीच सोयीची वाटते. तिसऱ्या प्रकारात 'एनटीटी' किंवा 'मॉन्टेसरी' अशी पाटी लावलेल्या असंख्य खाजगी संस्था येतात. त्यांतल्या काही खरेच चांगले शिकवतात, तर काही फक्त प्रमाणपत्र विकतात. मॉन्टेसरी हे नाव कोणाच्या मालकीचे नाही, त्यामुळे ते कोणीही वापरू शकतो. पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: मान्यता कोणाची, आणि मुलांसमोर किती तास उभे करणार? दुसऱ्या प्रश्नाला जिथे टाळाटाळ होते, तिथून सरळ उठून यावे. आणि तुमचा डोळा एखाद्या विशिष्ट नोकरीवर असेल, तर त्या नोकरीच्या जाहिरातीत कोणती पात्रता लिहिली आहे ते आधी वाचा. इग्नूची पदविका आणि परिषदेच्या मान्यतेची पदविका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणून दुसरीची जागा आपोआप भरून निघत नाही.

अंगणवाडीतल्या भगिनींसाठी वेगळी सोय आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या कार्यकर्तींना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम द्यावा असे म्हटले आहे, तोही कामात कमीत कमी खंड पडेल अशा रीतीने, दूरस्थ पद्धतीने. त्यामुळे त्यांनी स्वतःचे पैसे भरण्याआधी आपल्या पर्यवेक्षिकेकडे चौकशी करावी.

इग्नूच्या पदविकेचे गणित समजून घेण्यासारखे आहे. एकूण 32 श्रेयांक आणि एका श्रेयांकाला 30 तासांचा अभ्यास धरलेला. म्हणजे 960 तास. एका वर्षात पूर्ण करायचे तर आठवड्याला साधारण साडेअठरा तास होतात. बालवाडी, घर, मुलांचे डबे आणि वर साडेअठरा तास? एखादीला जमेलही, पण मी तरी कोणाला तसा सल्ला देणार नाही. हेच दोन वर्षांत पसरले तर आठवड्याला नऊ-सव्वानऊ तास पडतात: रोज दुपारी एक तास आणि रविवारी तीन. हे माणसाला झेपणारे आहे. पदविकेची किमान मुदत एक वर्ष असली तरी कमाल मुदत त्याहून मोठी ठेवलेली आहे ती आपल्यासारख्यांसाठीच. दोन वर्षे लावली म्हणून कोणी 'नापास झालीस का' असे विचारले तर हसून सोडून द्यावे.

परीक्षा जून आणि डिसेंबरात. त्याआधी स्वाध्याय लिहून द्यायचे असतात आणि निकालात त्यांचाही वाटा असतो. आपल्याकडची अडचण अशी की डिसेंबरच्या परीक्षेचे स्वाध्याय साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात द्यावे लागतात. म्हणजे गणपती, मागोमाग पितृपक्ष, मग नऊ रात्री गरबा. बडोद्यात राहून नवरात्रात रात्री अकराला वही उघडणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. म्हणून स्वाध्याय श्रावणातच संपवावेत, निदान त्यांचे कच्चे लेखन तरी. बाजारात तयार उत्तरे मिळतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. गुण मिळतील कदाचित, पण उतरवून काढलेले उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात उपयोगी पडत नाही, आणि या अभ्यासाची सगळी गंमत दुसऱ्या दिवशी वर्गातच येते.

ती गंमत काय, ते थोडे सांगते, कारण 'मुलांना सांभाळायला काय शिकायचे?' असे घरचेच विचारतात. पुस्तकात पियाजे या स्विस शास्त्रज्ञाचा एक प्रयोग असतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे, मुलाकडून 'सारखेच आहे' असे वदवून घ्यायचे, आणि मग त्याच्यासमोर एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतायचे. चार वर्षांचे मूल ठामपणे सांगते की उंच ग्लासात जास्त आहे. घरी करून बघा, नातवंडांवर. मूल खोटे बोलत नाही, हट्टही करत नाही. त्याचा विचार त्या वयात तसाच चालतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की 'अरे, आत्ताच तर सांगितले' म्हणून आवाज चढवणे आपोआप कमी होते.

दुसरे म्हणजे नोंदी. अभ्यासाचा एक भाग प्रत्यक्ष मुलांबरोबर करायचा प्रकल्प आहे. खेळ आखायचे, घ्यायचे, काय घडले ते लिहायचे. नोकरीत असलेल्या बाईला इथे बाहेरच्या विद्यार्थिनीपेक्षा मोठा फायदा असतो, कारण मुले रोज समोर असतात. तोटाही असतो: आपण त्यांना 'ओळखतो'. मग वहीत लिहिले जाते, 'मुलगा भांडखोर आहे.' ही नोंद झाली नाही, हा निकाल झाला. नोंद अशी: 'ठोकळ्यांच्या कोपऱ्यात तीन मुले. याने लाल ठोकळा मागितला, दोनदा, गुजरातीत. समोरच्याने दिला नाही. तिसऱ्यांदा न बोलता ओढून घेतला.' आता दिसते की मुलाने आधी दोनदा शब्द वापरले होते. कधी दिसते की घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वर्गातल्या भाषेत मागायचा शब्दच सापडला नाही. मग उपाय वेगळा निघतो. दिवसाला एकाच मुलाच्या चार ओळी, मुले डबा खात असताना, खिशातल्या छोट्या डायरीत, एवढे पुरते. वर्ग सुटल्यावर आठवून लिहायचे ठरवले की पुन्हा निकालच लिहिला जातो. मुलांची खरी नावे मात्र प्रकल्पाच्या वहीत घालू नयेत, आणि शाळेची व पालकांची परवानगी आधी घ्यावी.

खरा ताण निराळाच आहे. पुस्तक सांगते की तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला आधी माती, वाळू, मणी, कात्री हवी. बोटांचे बारीक स्नायू तयार झाल्यावर अक्षर. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते आठ वर्षांसाठी खेळ हाच मार्ग सांगितला आहे. आणि शाळेत संचालक सांगतात, पालक वही बघायला येणार आहेत, आज 'ए' ते 'ई' गिरवून घ्या. शिकणाऱ्या बाईची इथे चांगलीच ओढाताण होते. नोकरी हवी आहे, त्यामुळे रोज वाद घालता येत नाही. मला सुचलेला मधला रस्ता असा की गिरवण्याची दहा मिनिटे ठेवायची, पण त्याआधी पंधरा मिनिटे कणीक किंवा रवा द्यायचा, आणि पालक आल्यावर वहीबरोबर तेही दाखवायचे. मुलाने रव्यात बोटाने काढलेली वळणे पाहून बरेचसे पालक विरघळतात. सगळे नाही. आपल्याच मंडळातले काही आईबाप अडीच वर्षांच्या मुलाला 'लिहिता येत नाही' म्हणून शिकवणी शोधताना मी पाहते, तेव्हा वाटते, हा अभ्यास थोडा पालकांनीही करावा.

भाषेविषयी. इग्नूची ही पदविका हिंदी आणि इंग्रजीतून करता येते. आपल्यातल्या बहुतेक जणी हिंदी घेतात, लिपी देवनागरी म्हणून. पण ज्या गुजराती माध्यमात शिकल्या, त्यांना देवनागरी वाचता येते, वेगाने लिहिता येत नाही. तीन तासांच्या पेपरात हे फार नडते. त्यांनी पहिल्या दिवसापासून रोज एक पान घड्याळ लावून लिहावे. मराठी माध्यमवाल्यांची अडचण वेगळी, शब्द ओळखीचे आणि अर्थ परके. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा नव्हे. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'बच्चे की चेष्टा' वाचून मी पहिल्यांदा दचकलेच होते! असे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहीत जावे, पन्नासेक होतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या भगिनींना हा त्रास नाही, त्यांची हिंदी तोंडपाठ असते. बेळगाव आणि गोव्याकडच्या ज्या इंग्रजी निवडतात, त्यांनाही पेपर लिहिण्याचा सराव तेवढाच करावा लागतो.

बडोदेकरांना एक जास्तीची सोय आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात, पूर्वी गृहविज्ञान विद्याशाखा म्हणत त्या विद्याशाखेत मानवी विकासाचा विभाग आहे आणि त्याची चेतन बालवाडी अनेक दशके प्रयोगशाळा म्हणून चालते. रीतसर परवानगी घेऊन चांगली बालवाडी कशी असते ते एकदा बघून यावे: फळा कुठे आहे, मुलांच्या उंचीवर काय आहे, बाई किती वेळ गप्प राहतात. हे शेवटचे मुद्दाम बघा.

घरच्यांसाठी दोन शब्द. रोज दुपारचा एक तास हा 'मोकळा वेळ' नाही, तेव्हा तिला दळण आणायला, बँकेत जायला पाठवू नये. परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक कोण करणार, हे आदल्या महिन्यात ठरवावे. सासूबाई आणि यजमान दोघेही हे वाचत असतील असे धरून लिहिते आहे. शाळेलाही परीक्षेच्या तारखा लागताच लेखी कळवावे. तोंडी सांगितलेली रजा ऐनवेळी कोणाला आठवत नाही.

आणि कागदपत्रे. आपल्याकडे लग्नानंतर नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळेच बदलते. काही घरांत माहेरचे पहिले नावसुद्धा. त्यात गुजरातच्या दाखल्यांवर आडनाव आधी आणि आधार कार्डावर शेवटी. प्रवेश अर्जातले नाव बारावीच्या प्रमाणपत्राशी जुळत नसेल तर पुढे पदविकेच्या प्रमाणपत्रावर तोच गोंधळ छापून येतो. म्हणून अर्ज भरण्याआधीच विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, तिन्ही कागदांवरचे नाव एकमेकांशेजारी ठेवून अक्षर अक्षर तपासा आणि फरक असेल तर दुरुस्ती आधी करा. इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी होतात. दाखल्याला लागणारे दिवस त्यात धरावेत.