गाडीचं इंजिन बदलायचंय? आधी कागद-पेन्सिल घ्या!



आठवी-नववीतली मुलं हल्ली मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ फार बघतात. जुनं इंजिन काढलं, मोठं बसवलं, गाडी सुसाट! दहा मिनिटांत काम खलास. मग घरी प्रश्न येतोच, "बाबा, आपल्या गाडीत असं बसवता येईल का?" अशा वेळी "काहीतरीच काय!" म्हणून विषय संपवू नका. या एका प्रश्नात भौतिकशास्त्र आहे, गणित आहे, कायदा आहे, आणि नियोजनाचा मोठा धडा आहे.

उदाहरण घेऊ मारुती जिप्सीचं. ही गाडी भारतात १९८५ च्या सुमारास आली. तिचं सुरुवातीचं इंजिन ९७० सीसीचं, साधारण ४५ अश्वशक्तीचं. पुढे १२९८ सीसीचं इंजिन आलं, आणि त्याच्या इंजेक्शनवाल्या आवृत्तीची ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. गाडीचं वजन जेमतेम एक टन. म्हणजे वजन जवळपास तेच, ताकद पावणेदोन पट. म्हणूनच जुन्या जिप्सीवाल्यांना हा बदल खुणावतो.

पहिला प्रश्न : मुळात हवंय काय?

घाट चढताना दम हवा, की हायवेवर वेग? दोन्ही गोष्टी एक नाहीत. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. शक्ती म्हणजे तो जोर गुणिले फिरण्याचा वेग. नव्या इंजिनाचा टॉर्क मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर सुमारे १०३ न्यूटन-मीटर. ४५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे ४७१ रेडियन. १०३ × ४७१ = साधारण ४८,५०० वॅट, म्हणजे ६५ अश्वशक्ती. मग ८० कुठे गेले? ते मिळतात ६००० फेऱ्यांना! मुलांना हे गणित जरूर करायला द्या. "८० अश्वशक्ती" हा आकडा कायम हाताशी नसतो, हे त्यांना आपोआप कळेल.

आणखी एक. जुन्या गाडीचं इंजिन थकलेलं असू शकतं. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावं. रिंग-पिस्टन झिजले असतील तर नीट इंजिनकाम केल्यावर गेलेली ताकद बरीचशी परत येते. कधीकधी तेवढंच पुरतं.

एक बदललं की दहा बदलतात

इंजिन हा एकटा डबा नाही. साखळीतली एक कडी आहे. यादीच करू :

१. बसणी : इंजिनाचे माउंटिंग जुन्या जागी बसतात का? बॉनेट, रेडिएटर, स्टिअरिंग यांना घासत तर नाही ना?

२. गिअरबॉक्स : जुन्या इंजिनासोबत चार गिअरचा, नव्यासोबत पाच गिअरचा. क्लच आणि गिअरबॉक्स इंजिनासोबतचेच घेतलेले बरे. पण जिप्सीत फोर-व्हीलची ट्रान्स्फर केस वेगळी असते, आणि ती छोट्या शाफ्टने गिअरबॉक्सला जोडलेली असते. गिअरबॉक्सची लांबी बदलली की त्या शाफ्टचं मापही बदलणार.

३. पेट्रोल : कार्ब्युरेटरला अगदी कमी दाब पुरतो. इंजेक्शनला कितीतरी जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप, तो दाब सोसणारे पाइप आणि फिल्टर लागतात. इथे काटकसर केली तर आगीशी गाठ आहे.

४. वायरिंग : इंजेक्शनवालं इंजिन ईसीयू आणि सेन्सरशिवाय चालत नाही. म्हणून इंजिन घेताना त्याचं पूर्ण वायरिंगही सोबत घ्यावं लागतं.

५. गारवा : जास्त शक्ती म्हणजे जास्त उष्णता. रेडिएटर पुरेल का?

६. ब्रेक : हा मुद्दा शेवटी लिहिलाय, पण महत्त्व सगळ्यात जास्त. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० चा वेग ९० केला, म्हणजे दीडपट, तर ऊर्जा होते सव्वादोन पट! ती सगळी ब्रेकनेच जिरवायची. धावायची तयारी केली आणि थांबायची नाही, तर जिवावर बेतेल.

आणि कायदा?

गाडीच्या आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला मनाने करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करताना गाडीची तपासणी होते, तेव्हा नंबर जुळला नाही तर अडचण. विमा कंपनीलाही दावा नाकारायला कारण मिळतं. म्हणून क्रम असा : आधी आरटीओची लेखी परवानगी, मग खरेदी, मग पाना. परवानगी मिळाली नाही, तर बेत तिथेच थांबवायचा. तोवर खर्च झालेला नसतो, हाच नियोजनाचा फायदा.

वर्गात काय करता येईल?

फळ्यावर तीन रकाने आखा : "काय बदललं", "त्यामुळे काय बदलावं लागेल", "आधी काय तपासायचं". पहिल्या रकान्यात फक्त "इंजिन" लिहा, बाकी मुलांना भरू द्या. मग तोच तक्ता सायकलला मोटार बसवण्यासाठी किंवा घरावर मजला चढवण्यासाठी वापरून बघा.

गाडीचं वेड असलेलं मूल वाया चाललेलं नसतं, पालकहो. त्याला योग्य प्रश्न विचारायला शिकवा. पाना हातात घ्यायला अजून वेळ आहे, पण पेन्सिल आजच देता येईल.