बाहेरून टॉप, आतून बेस : स्कॉर्पिओ घेताना बंपर नाही, आरसी बघा

कनेरगाव नाका (वार्ताहर) : हळद-सोयाबीनचे पैसे हातात आले की गावागावांत जुन्या चारचाकीची चौकशी सुरू होते. हिंगोली-वाशीम रस्त्यावर एमएच ३८ आणि एमएच ३७ अशा दोन्ही पासिंगच्या गाड्या धावतात. त्यात स्कॉर्पिओ आणि बोलेरोचा मान मोठा. पण आजकाल बेस मॉडेलला टॉप मॉडेलचे रूप देणे फार सोपे झाले आहे. स्वतःच्या हौसेसाठी केले तर ठीक, पण तीच गाडी टॉप म्हणून गळ्यात मारली तर घेणाऱ्याचे लाखोंचे नुकसान होते.

फरक किती?

स्कॉर्पिओ क्लासिकचेच घ्या. ही गाडी ऑगस्ट २०२२ मध्ये 'एस' आणि 'एस ११' अशा दोन प्रकारांत आली. तेव्हा शोरूमची किंमत 'एस'ला ११ लाख ९९ हजार आणि 'एस ११'ला १५ लाख ४९ हजार होती. म्हणजे फरक साडेतीन लाखांचा. दोन्हींचे इंजिन तेच, पत्राही तोच. 'एस'ला साधी लोखंडी चाके, 'एस ११'ला मॅगव्हील. टॉपमध्ये मोठा टचस्क्रीन आणि क्रूझ कंट्रोल आहे, बेसमध्ये ते नाही.

आता मॅगव्हील, ग्रिल, फॉग लाइट, पायदान, मागचा स्पॉयलर, एवढेच काय 'एस ११'चा बिल्लासुद्धा बाजारात सुटा मिळतो. दोन दिवस गाडी गॅरेजला लावली की बाहेरून ओळखू येत नाही.

जे बदलता येत नाही

बाहेरचे सामान बदलले म्हणून आतली गाडी बदलत नाही. स्कॉर्पिओ-एनच्या सुरुवातीच्या 'झेड २' मॉडेलला दोन एअरबॅग आणि 'झेड ८'ला सहा. बंपर आणि चाके बदलून उरलेल्या चार एअरबॅग येत नाहीत. बाजूने धडक बसली तर हा फरक जिवाशी येतो.

हौस करा, पण कायद्यात बसवून

गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बंदी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असे सांगितले. कलम १८२ अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

• ग्रिल, बिल्ला, चाकावरची टोपी असे वरवरचे सामान बदलल्याने सहसा अडचण येत नाही.

• समोर लोखंडी गार्ड बसवू नका. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाईचे आदेश राज्यांना दिले आहेत. धडकेचा जोर बंपरने झेलायचा असतो. गार्डमुळे तो जोर थेट चेसिसवर जातो, एअरबॅगही वेळेवर उघडत नाही. पायी चालणाऱ्याला मार जास्त बसतो तो वेगळाच.

• रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्या.

• चाके-टायर कंपनीने त्या गाडीसाठी दिलेल्या मापाचेच टाका. टायर मोठा झाला की मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवते.

• फॉग लाइटसाठी मूळ वायरिंग कापू देऊ नका. कपलर आणि रिले लावून घ्या. कापलेल्या जोडावर शॉर्टसर्किट होऊन गाडी पेट घेऊ शकते, वॉरंटीलाही अडचण येते.

• नंतर बसवलेले महाग सामान विमा कंपनीला कळवा. पॉलिसीत नोंद नसेल तर त्या सामानाची भरपाई मिळत नाही.

जुनी गाडी घेताना हे तपासा

१. आरसीवरचा मॉडेलचा रकाना वाचा. बऱ्याच गाड्यांचे व्हेरिएंट तिथेच छापलेले असते. नंबर टाकून एमपरिवहन ॲपवरही माहिती जुळवा.

२. विम्याची जुनी पॉलिसी मागा. त्यातही व्हेरिएंट लिहिलेले असते.

३. १७ अंक-अक्षरांचा चेसिस नंबर गाडीवर आणि आरसीवर एकच आहे का बघा. तोच नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिला की गाडी कोणत्या प्रकारची म्हणून बाहेर पडली ते कळते.

४. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही तर सावध व्हा.

५. सौदा चिठ्ठीवर मॉडेलचे पूर्ण नाव लिहून सही घ्या. खोटे मॉडेल सांगून पैसे घेतले असतील तर पोलिसात फसवणुकीची तक्रार करता येते. तेव्हा तोंडी बोलण्यापेक्षा हा कागद कामी येतो.

६. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी सही करून घ्या.

बेस मॉडेल घेण्यात कमीपणा काही नाही. स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये तर इंजिन तेच, ओढही तीच. फक्त पैसे बेसचेच मोजा. इसार देण्याआधी आरसी आणि पॉलिसीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तो सौदा सोडलेला बरा.