सुरकुतलेल्या दाण्याचा माग

दख्खनातल्या कडगंची भागात ज्वारीचा भाव दाण्याच्या रूपावर ठरतो. टपोरा, पांढरा, चमकदार दाणा उजवा. सुरकुतलेला सुपातूनच बाहेर जातो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात आर. सिंग आणि जॉन ॲक्स्टेल यांच्या शोधात मात्र नेमका असलाच दाणा मोलाचा ठरला.

त्या शोधाची निकड आपल्या दख्खनलाही होती. ज्वारीवरच पोट भरणाऱ्या गरिबांना होणाऱ्या पेलाग्रा या रोगाचा संबंध गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली हैदराबादेत ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडला होता. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन भरपूर, पण शरीराला बाहेरूनच घ्यावं लागणारं लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल अगदी कमी. पर्ड्यूतच १९६४ साली मक्यात जास्त लायसिनचं जनुक सापडलं होतं. मग ज्वारीत का नसावं?

जगभरच्या वाणांच्या संग्रहातून पिठूळ दाण्याचे वाण निवडून तपासले. इथिओपियाचे सुरकुतलेल्या दाण्याचे दोन वेगळे निघाले: आयएस १११६७ आणि आयएस ११७५८. साध्या ज्वारीच्या प्रथिनात लायसिन शेकडा दोनच्या आसपास; यांच्यात तीनच्या वर!

पण इथेच खरी शंका होती. दाण्यातला अंकुर मुळातच लायसिनने समृद्ध असतो. दाणा आक्रसला की अंकुराचा वाटा आपसूक वाढतो. मग हा नुसता मापाचा भास तर नव्हे? म्हणून अंकुराला वगळून पिठूळ भाग, म्हणजे भ्रूणपोष, तपासला. लायसिन तिथेही वाढलेलं होतं, आणि ल्युसिन घटलेलं. भ्रूणपोषात काफिरिन नावाचं साठ्याचं प्रथिन असतं, त्यात लायसिन जवळजवळ नसतंच. तेच कमी झालं होतं.

मग संकर केले. भ्रूणपोषात आईच्या दोन मात्रा असतात, बापाची एक. तिन्ही मात्रा बदललेल्या जनुकाच्या असल्या तरच दाणा सुरकुततो. संकरित झाडाच्या एकाच कणसात तीन टपोऱ्यांमागे एक सुरकुतलेला दाणा येऊ लागला, आणि एकाच अप्रभावी जनुकाचा हिशोब जुळला. १९७३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्या ज्वारीवर पोसलेल्या उंदरांचं वजनही जास्त वाढलं.

तरी ही ज्वारी पेऱ्यात आली नाही. दाणा हलका म्हणून उतारा कमी, आणि मऊ म्हणून बुरशीला बळी. इथिओपियातल्या वोलोचे शेतकरी मात्र ती इतर ज्वारीत मिसळून पेरत आले होते आणि कणसं कोवळी असतानाच भाजून खात होते, आपल्या हुरड्यासारखी. या शोधाचा मोठा वाटा मी त्यांच्या पदरी टाकीन. उतारा कमी असूनही त्यांनी हे बी पिढ्यान्‌पिढ्या राखलं, म्हणून संग्रहात ते दोन वाण होते.