पोर्तुगीज गेले, चर्च राहिले

दादरला गोखले रोडवर 'पोर्तुगीज चर्च' म्हटले, की पत्ता कुणालाही कळतो. १५९६ साली फ्रान्सिस्कन साधूंनी ते उभारले. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांकडे गेली. पोर्तुगीज गेले, नाव मात्र राहिले. त्या नावापायी तिथली माणसेही आपण परकी ठरवतो, हे मला मराठीच्या मास्तराला खटकते. कारण मुंबईच्या मूळ ख्रिस्ती रहिवाशांची घरबोली मराठीचीच एक बोली! नोकरीसाठी आलेल्या गोवेकर-मंगळूरकरांहून आपण निराळे, हे दाखवण्यासाठी १८८७ मध्ये त्यांनी संस्था स्थापून 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. १९७० नंतरच्या दशकात चार्ल्स कोरियांनी चर्चची इमारत नव्याने रचली. भिंती बदलल्या, शेजार तोच आहे. वाचकहो, यंदा फराळाचे एक ताट तिकडेही जाऊ द्या!